पार्श्वभूमी: प्रेबलचा उडी-उंदीर, एका उपप्रजातीच्या नावाचा वाद

रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, कोलोरॅडोपासून आग्नेय वायोमिंगपर्यंत, प्रेअरीतून वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठी हा उंदीर राहतो. तो पुरता पाणउंदीर नसला, तरी ओलावा सोडून फार लांब जात नाही. वाळुंजाच्या कुळातल्या झुडपांत आणि दाट गवतात त्याचा वावर असतो, आणि धोका जाणवला की सरळ पाण्यात उडी घेऊन तो सफाईने पोहत जातो. मागचे पाय लांब, शेपूट धडापेक्षा मोठी, वरच्या पुढच्या दातांवर खाच. वर्षातले सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ तो बिळात शीतनिद्रेत असतो. त्यामुळे त्याला जिवंत पाहिलेली माणसे तशी कमीच.

कोलोरॅडोतल्या लव्हलँड गावी 1895 साली पकडलेला एक उंदीर संग्रहालयाच्या खणात पडून होता. 1954 मध्ये उडी-उंदरांच्या सगळ्या गटाची फेरतपासणी झाली, तेव्हा त्यालाच मूळ नमुना ठरवून नवी उपप्रजाती वर्णन करण्यात आली: झापस हडसोनियस प्रेबलाय. 1899 मध्ये या गटाचा पहिला शिस्तबद्ध अभ्यास करणाऱ्या संशोधकाचे नाव तिला दिले गेले. वर्णनाचा आधार होता पाठीचा मळकट रंग, फिकट पट्टा आणि कवटीची मोजमापे. हाताशी 11 नमुने होते आणि त्यांतले प्रौढ मोजकेच. त्या काळी एवढ्यावर उपप्रजाती मांडणे सर्रास चालायचे, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

मे 1998 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्याने या उपप्रजातीला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण दिले आणि ते नाव एकाएकी महाग झाले. डेन्व्हरभोवती घरे वाढत होती. ज्या ओढ्यांच्या काठी उंदीर राहतो, तिथेच वाळू-खडी काढायची होती, रस्ते न्यायचे होते, पाणी वळवायचे होते.

खरा वाद पेटला 2003 च्या अखेरीस. एका संशोधकगटाने डीएनए तपासून सांगितले की हा उंदीर ब्लॅक हिल्स या उत्तरेकडच्या डोंगररांगेतल्या शेजारच्या उपप्रजातीपेक्षा वेगळा काढण्याजोगा नाही. 1954 चे वर्णन ज्यांनी केले होते, त्यांनीही हे मान्य केले. 2005 मध्ये खात्याने संरक्षण काढण्याचा प्रस्ताव मांडला. दुसऱ्या गटाने 2006 मध्ये नेमके उलटे उत्तर दिले. पहिल्या गटाने मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या) डीएनएतली सुमारे 350 अक्षरे आणि पेशीकेंद्रातल्या डीएनएतल्या 5 खुणा पाहिल्या होत्या. दुसऱ्याने सुमारे 1,400 अक्षरे आणि 21 खुणा पाहिल्या. त्यात दोन्ही उंदीर वेगळे निघाले. मग तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमली गेली. पहिल्या गटाने जुन्या, वाळलेल्या संग्रहालयीन नमुन्यांतून काढलेल्या डीएनएत दुसऱ्या डीएनएची मिसळ झाली असावी, असे तिला वाटले आणि तिने दुसऱ्या गटाच्या बाजूने कौल दिला.

या सगळ्याच्या मुळाशी 'उपप्रजाती' हा शब्द आहे. प्रजातीला निदान आपापसांतल्या प्रजननाची कसोटी लावता येते. उपप्रजातीला तशी एकच कसोटी नाही. जुना ठोकताळा असा की एका गटातले किमान 75 टक्के प्राणी दुसऱ्या गटापासून ओळखता आले पाहिजेत. पण ओळखायचे कशावरून? रंगावरून, कवटीवरून की डीएनएवरून? पहिल्या गटाची अट कडक होती: दोन गटांमधला फरक प्रत्येक गटाच्या आतल्या फरकापेक्षा मोठा हवा. ही अट लावली तर पुस्तकांतल्या कितीतरी उपप्रजाती गळतील. म्हणूनच एका उंदरासाठी ती लावून कायद्याचे छत्र काढणे मला घाईचे वाटते. 1954 चे वर्णन तोकडे होते हे खरेच. पण वर्णन तोकडे असले म्हणून प्राणी वेगळा नाही असे ठरत नाही.

जुलै 2008 मध्ये खात्याने मधला मार्ग काढला: कोलोरॅडोत संरक्षण कायम, वायोमिंगमध्ये रद्द. ओढा राज्याची सीमा ओलांडून पलीकडे गेला की उंदराचा कायदा बदलायचा. हे फार टिकले नाही. ज्या कायदेशीर सल्ल्यावर निर्णय उभा होता तो मागे घेतला गेला आणि ऑगस्ट 2011 मध्ये वायोमिंगमध्येही संरक्षण परत आले. 2013 मध्ये आणखी एका जनुकीय अभ्यासाने या उंदराला उत्तरेकडच्या नातलगांत सामावून घ्यावे असे सुचवले. त्यानंतरही संकटग्रस्तांच्या यादीतले त्याचे नाव जागेवर राहिले.