रेणवीय जीवशास्त्रज्ञाच्या नावापुढचा आकडा

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी, एकाच जिल्ह्यासाठी झाली. तोपर्यंत येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्याच वर्षी, एखाद्या शोधनिबंधाचा हवाला पुढच्या किती निबंधांत दिला गेला, म्हणजे त्याला किती उद्धरणे मिळाली, हे मोजणाऱ्या स्कोपस आणि गूगल स्कॉलर या दोन सेवा सुरू झाल्या. पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आले आणि त्याच वर्षी अमेरिकेत हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक, म्हणजे उद्धरणांवरून काढलेला संशोधकाच्या नावापुढचा आकडा, मांडला. हा केवळ योगायोग असला, तरी त्याचा अर्थ असा की येथील या दोन्ही संस्थांनी उद्धरणांची मोजणी नसलेला काळ पाहिलेलाच नाही.

मोजणीचे मूळ मात्र प्रयोगशाळेत नसून न्यायालयात आहे. एखाद्या निवाड्याचा हवाला पुढे कोणकोणत्या निवाड्यांत दिला गेला, हे सांगणारी शेपर्ड्‌स सायटेशन्स ही सूची अमेरिकेतील वकील १८७३ पासून वापरत होते. तीच रीत विज्ञानाला लावावी, असा लेख यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिला. त्यांना पाठबळ देणाऱ्यांत नोबेलविजेते आनुवंशशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग होते, आणि आधी केवळ आनुवंशशास्त्रापुरती सूची करून पाहिल्यावरच १९६० च्या दशकात सर्व विज्ञानशाखांची सायन्स सायटेशन इंडेक्स बाहेर पडली. म्हणजे या मापाची पहिली चाचणी रेणवीय जीवशास्त्राच्या, सजीवांचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्या शाखेच्या, अंगणातच झाली. उद्देश साधा होता: आपल्या विषयावर पुढे कोणी काय लिहिले, ते शोधता यावे. माणसांना गुण देण्याचा विचार त्यात नव्हता. तो नंतर शिरला.

आकडा नेमके काय सांगतो, हे समजण्यासाठी ऑलिव्हर लोरी यांचे उदाहरण पुरेसे आहे. प्रथिनांचे प्रमाण ठरवण्याची त्यांची पद्धत १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्कधर्मी द्रावणातील तांबे आणि फोलिनचे अभिकर्मक यांमुळे द्रावण निळे होते, प्रथिन जितके जास्त तितका रंग गडद, आणि तो कलरीमीटरवर मोजायचा. जीवरसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक केलेल्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला हा निळा रंग ओळखीचा असतो. २०१४ पर्यंत या निबंधाची ३ लाखांहून अधिक उद्धरणे नोंदली गेली होती आणि सर्वाधिक उद्धरणे मिळालेल्या निबंधांच्या यादीत तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. आपला हा निबंध फार थोर नाही, असे स्वतः लोरीच मानत. त्याच यादीत पहिल्या शंभरांत येण्यासाठी १२ हजारांहून अधिक उद्धरणे लागत होती. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा निबंध सुमारे ५ हजारांवर राहिल्याने त्यात बसलाच नाही. पद्धत वापरणाऱ्याला दर वेळी तिचा उल्लेख करावा लागतो. दुहेरी सर्पिल मात्र पाठ्यपुस्तकात जाऊन बसले आणि त्यासाठी संदर्भ देण्याची गरज उरली नाही. समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी या प्रकाराला ‘समावेशातून होणारा लोप’ म्हटले होते. (प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवलेली लोरीची पद्धतही कोठे मोजली जात नाही, हे जाता जाता नमूद करावे.)

एच-निर्देशांकाची व्याख्या सोपी आहे: ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणे मिळाली आणि २१ निबंधांना प्रत्येकी २१ मिळालेली नाहीत, त्याचा निर्देशांक २०. हर्श यांनी आपल्या मूळ लेखातच जीवशास्त्रज्ञांचे आकडे मोठे असतात, हे दाखवले होते. भौतिकशास्त्रात सर्वोच्च ठरलेले एडवर्ड विटन ११० वर होते, तर १९७० मध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर शोधणाऱ्यांपैकी एक असलेले डेव्हिड बाल्टिमोर १६० वर. म्हणजे विषय बदलला की आकडाही बदलतो. तरीही २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या निवडीत आणि बढतीत निबंधांचे गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरशी, म्हणजे त्यातील निबंधांना मिळणाऱ्या सरासरी उद्धरणांशी, जोडले. हा गुणक तर गारफिल्ड यांनी सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी काढला होता, व्यक्तीसाठी नव्हे.

हीच गोष्ट डाळिंबाला लावून पाहावी. प्रयोगशाळांची लाडकी अरेबिडोप्सिस ही वनस्पती घेतली, तर तिचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय संच, २००० मध्येच वाचून झाला. डाळिंबाचा पहिला जीनोम चिनी संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या पिकावर जगात थोड्याच प्रयोगशाळा काम करतात, त्यावरील निबंधाचा हवाला देणारेही थोडेच असणार, मग काम कितीही कसदार असो. डाळिंबावरील तेल्या रोगाच्या झॅन्थोमोनास जिवाणूची पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखण्याच्या तंत्राने) लवकर ओळख पटवणारे काम ज्याला हवे असते, तो सांगोल्याचा किंवा पंढरपूरचा बागायतदार असतो. रोपवाटिकेतून रोगमुक्त कलमे घेताना आणि बहार धरताना तो त्या कामाचा उपयोग करतो, निबंध मात्र लिहीत नाही; त्यामुळे संशोधकाच्या नावापुढच्या आकड्यात त्याची नोंद होत नाही.