ब्रेकची चाकं आणि उचलती चाकं: रंधा मशीनखाली कोणती?

सागाची सात फुटी चौकट रंध्यावर घ्यायची तर मशीनच्या अलीकडे सात आणि पलीकडे सात फूट मोकळी जागा हवी. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक सुतारी शेडमध्ये ती कायमची मिळत नाही. मशीन भिंतीला असते, काम आलं की ओढायची. लग्नसराईत तर पलंग, कपाटं एकदमच निघतात. म्हणून मशीनखाली अँगलचा चाकांचा स्टँड करून घेतात. वेल्डरला सांगताना मात्र सगळे एकच म्हणतात, ‘लॉक होणारा कर.’ या एका शब्दात दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली ब्रेकची चाकं. चार कोपऱ्यांत चार कॅस्टर (काट्यात बसवलेली चाकं), त्यातल्या दोनांना पायाने दाबायचा ब्रेक. मशीन कायम चाकांवरच उभी, ब्रेकने फक्त चाकाचं लोळणं थांबतं. फिरत्या कॅस्टरचं चाक वरच्या खिळीच्या बरोबर खाली नसतं, थोडं बाजूला असतं, म्हणूनच ते वळतं. त्यामुळे साधा ब्रेक लावल्यावरही चाकाचा काटा खिळीभोवती फिरू शकतो आणि मशीन दोन-तीन बोटं बाजूला जाते. माझ्या शेडमध्ये जाड फळी रेटताना नेमकं हेच झालं. हाताखालचा पोरगा म्हणाला, ‘भाऊ, ब्रेक लायेल शे, तरी बी हालस!’ फळीला खड्डा पडला त्याचं एवढं नाही, पण फिरत्या पात्यापाशी हात असताना मशीन सरकणं ही मला अजूनही धास्तीची गोष्ट वाटते. चाक आणि काटा दोन्ही धरणारा डबल लॉक मिळतो, तो बराच बरा. तरीही वजन चाकावरच राहतं, आणि चाकाच्या रबराला, खिळीला थोडी ढील असतेच.

दुसरी उचलती चाकं. इथे काम करताना मशीन स्वतःच्या पायांवर उभी असते. हलवायची असेल तेव्हाच चाकं जमिनीला टेकतात.

करायला फार अवघड नाही. मागच्या पायांच्याही मागे दोन फिक्स चाकं बसवायची, जमिनीपासून हॅकसॉ ब्लेड जेमतेम सरकेल इतकी वर. पुढे मध्यभागी एक फिरतं चाक, बिजागरीच्या पट्टीवर, त्याला पाइपचा दांडा. दांडा पायाने दाबला की पुढची बाजू दीड-दोन सेंटिमीटर उचलली जाते, मशीन मागे कलते आणि मागची चाकं आपोआप टेकतात. मशीन 300 किलोची धरली तर पुढे साधारण 150 किलो येतं. दांडा 900 मिलिमीटर आणि बिजागरीपासून चाक 90 मिलिमीटरवर ठेवलं तर 15 किलोच्या दाबात काम होतं. दाबलेला दांडा अडकवायला खटका मात्र भक्कम हवा, नाहीतर तो उसळून नडगीवर येईल.

चाकं घेताना वजनाला चारने भागू नका, तीनने भागा. कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर चार चाकांतलं एक बहुधा अधांतरीच असतं. म्हणजे 300 किलोला प्रत्येक चाक निदान 100 किलो पेलणारं हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. सतत वजनाखाली राहिलेलं रबरी चाक एका बाजूने चपटतं आणि मग ढकलताना ठेचा खातं. उचलत्या चाकांवर वजन क्षणभरच येतं, तिथे ही तक्रार राहत नाही. ब्रेकवाल्यात मात्र पॉलियुरेथेनची घ्या.

वेल्डिंग सेट, ग्राइंडरचा स्टँड, हत्यारांची ट्रॉली यांना ब्रेकची चाकं पुरतात, कारण त्यांना कोणी लाकडाने रेटत नाही. रंधा, कटर यांना माझ्या मते उचलतीच. कुठल्याही स्टँडवर मशीन हलवताना वायर काढा आणि खालून ढकला. टेबलाला धरून ओढली तर ती उलटायची भीती असते.

आधीच ब्रेकची चाकं लावून बसलेल्यांना स्टँड मोडायची गरज नाही. चारही कोपऱ्यांना एम-16 चे (16 मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे) नट वेल्ड करून त्यात खालून टेकणारे लांब बोल्ट घाला. एका फेऱ्यात बोल्ट 2 मिलिमीटर उतरतो. काम सुरू करण्यापूर्वी चारही बोल्ट इतके आवळा, की प्रत्येक चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे.