डोळे मिटल्यावर तोल का जातो?

तोंडाला साबण लावल्यावर आपण डोळे घट्ट मिटतो. त्या क्षणी झोक जात असेल, हात आपोआप भिंत किंवा नळ शोधत असेल, तर दोष ओल्या फरशीचाच असेल असं नाही. मेंदूला नीट खबर न देणारे तळपायही त्यामागे असू शकतात.

बर्लिनचे डॉक्टर मॉरिट्झ रोमबर्ग यांनी 1840च्या दशकात मज्जारज्जूच्या एका आजारात हेच पाहिलं. उजेडात उभे राहू शकणारे रुग्ण डोळे मिटायला सांगितले की लगेच डोलू लागत. याचं कारण असं, की तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, अंतर्कर्ण, आणि तळपाय-घोट्यांपासून वर मानेपर्यंतचे स्नायू व सांधे. निरोगी माणसात यातलं एक ठिकाण बंद पडलं तरी उरलेल्या दोघांवर भागतं. त्या रुग्णांच्या पायांकडून येणारी खबर मज्जारज्जूतच अडत होती आणि ती उणीव डोळे भरून काढत होते. डोळे मिटले, की सगळा भार एकट्या कानावर पडायचा आणि तो त्याला पेलायचा नाही.

रोमबर्ग चाचणी आजही तशीच केली जाते. पावलं जोडून, हात अंगालगत ठेवून उभं राहायचं. आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटून, साधारण अर्धा मिनिट. घरी करून पाहायची असेल तर भिंतींच्या कोपऱ्यात उभे राहा आणि कुणाला तरी जवळ थांबवा. थोडं डोलणं सगळ्यांचंच होतं. पाऊल हलवावं लागलं, तर मात्र डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. उघड्या डोळ्यांनीही पावलं जोडून उभं राहता येत नसेल, तर शंका लहान मेंदूवर जाते. बोट स्वतःच्या नाकाला आणि मग समोरच्याच्या बोटाला लावायला डॉक्टर सांगतात, तेही त्याच्यासाठीच. लहान मेंदू बिघडला की बोट नेमक्या जागी न पोचता पुढेमागे चुकतं.

बरीच वर्षं मधुमेह असणाऱ्यांच्या तळपायांची संवेदना हळूहळू, न कळत कमी होते. डॉक्टर पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा धातूचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) टेकवून ती तपासतात. या तपासणीचा संबंध फक्त जखमांशी आहे असं पुष्कळांना वाटतं. तो तोलाशीही आहे.

आता कान. हा मजकूर हातभर अंतरावर धरा आणि मान भराभर डावी-उजवीकडे हलवत वाचा. वाचता येईल. मग मान स्थिर ठेवून तितक्याच वेगाने हातातला फोन हलवा. अक्षरं पुसट होतील. डोकं वळताच अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो, आणि सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात डोळ्यांचे स्नायू बुबुळं उलट दिशेने वळवतात. नुसत्या नजरेला हे इतक्या झटपट जमत नाही. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी कान धुताना थंड आणि गरम पाण्याने डोळे विरुद्ध दिशांना का फडफडतात याचा शोध घेत गेले, आणि त्यातून एकेका कानाची तोल-यंत्रणा वेगळी तपासता येऊ लागली. त्यांना 1914 सालचं नोबेल मिळालं, ती बातमी त्यांना रशियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत कळली.

कूस बदलताना, वर पाहताना काही सेकंद खोली गरगरते, तेव्हा आपल्याकडे बहुधा मानेला नाहीतर बीपीला दोष दिला जातो. कित्येकदा खरं कारण असतं अंतर्कर्णात जागा सोडून नलिकेत शिरलेले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे. जाणकार डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागेवर आणतात. अनेकांना एकाच बैठकीत बरं वाटतं. अशा रुग्णाने महिनोन्महिने चक्करीच्या गोळ्या खात राहावं, हे मला फार वाईट वाटतं.

ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1,702 लोकांना एका पायावर 10 सेकंद उभं राहायला सांगितलं गेलं. पाचातल्या एकाला ते जमलं नाही. पुढच्या सुमारे सात वर्षांत या गटात मृत्यूचा धोका, वय आणि आजार हिशेबात धरूनही, 84 टक्के जास्त आढळला. 2022 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही; पण तोल हा एकूण तब्येतीचा आरसा आहे, हे त्यातून नक्की दिसतं.

आणि तोल सुधारतो. साठीपुढच्या लोकांवरच्या 108 अभ्यासांचा 2019 साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. मुख्य फायदा होता तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं ठामपणे दिसलं नाही. सकाळचा फेरफटका हृदयासाठी उत्तमच, तो सोडू नका. पण तोलासाठी वेगळा वेळ द्यावाच लागतो.

स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभं राहा. जमू लागलं की दोन्ही हातांऐवजी एकच हात, मग फक्त दोन बोटं, मग ओटा नुसता जवळ असू द्या. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून उभं राहणं, पुढे तसंच चालणं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं. मांड्यांत ताकद नसेल तर तोल गेल्यावर सावरायचं कशाने? थोडं डगमगायला झालं पाहिजे, नाहीतर मेंदूला शिकायला काही उरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, पण महिनोन्महिने. बंद केलं की फायदाही ओसरतो.

आधी कधी पडला असाल, तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा आणि झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, कारण काही गोळ्यांनीही तोल जातो. तोल अचानक गेला आणि सोबत जीभ अडखळली, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे वाटले, तर घरी चाचण्या करत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.