कोरड्या तासाचा भाव

लाडवांची साखर मोजायला घेतलेला आमचा स्वयंपाकघरातला काटा गेली दोन वर्षं न्हाणीघराबाहेरच्या स्टुलावर असतो. त्यावर सासऱ्यांचे वापरलेले डायपर तोलले जातात. साखर आता अंदाजाने पडते. हे सांगितलं की पाहुणे चहाचा कप किंचित लांब धरतात, पण डायपरचा खर्च निम्म्यावर आला तो या काट्यामुळेच.

अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात दिवसाला सहा डायपर लागत होते. एक चाळीस रुपयांचा धरला तर दिवसाला २४०, महिन्याला ७,२०० रुपये. औषधं वेगळी, दिवसभराच्या बाई वेगळ्या. साहजिकच आम्ही सगळे करतात तेच केलं, म्हणजे दुकानातला सगळ्यात स्वस्त डायपर आणला. तो रात्री दोनला गळला. चादर, दुलई, मेणकापड, अण्णांचा सदरा, सगळं धुवायला. दहा रुपये वाचवले आणि बादलीभर पाणी, साबण नि तिघांची झोप घालवली.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तरी डायपर फाडून आत काय आहे ते बघायला मला महिना लागला.

आत जे असतं ते असं. अंगाला लागणारं वरचं मऊ आवरण पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंचं. ते स्वतः पाणी पीत नाही, फक्त खाली जाऊ देतं. त्याखाली एक पातळ थर, ज्याचं काम एका जागी पडलेली लघवी भराभर पसरवणं. मग मधला गाभा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेले साखरेसारखे पांढरे दाणे. शेवटी बाहेरचं प्लास्टिक. किमतीतला फरक बराचसा त्या दाण्यांच्या प्रमाणात आणि पसरवणाऱ्या थरात असतो. पाकिटावरच्या हसऱ्या आजोबांमध्ये नसतो.

दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, जागोजागी एकमेकींना गाठी मारलेल्या. साखळीवर ऋण भार आणि त्याला सांभाळायला सोडियमचे धन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. पाणी आत शिरलं की हे आयन सुटे होतात, साखळीवरचे ऋण भार एकमेकांना ढकलू लागतात आणि जाळं फुगतं. आत आयनांची गर्दी आणि बाहेर कमी, म्हणून पाणी आत ओढलं जातं. मनुके पाण्यात टाकल्यावर फुगतात ते याच ओढीने. गाठी नसत्या तर साखळ्या विरघळून गेल्या असत्या. गाठी आहेत म्हणून जेली होते, आणि ती दाबली तरी पाणी सहजी सोडत नाही.

या जातीचा पदार्थ पहिल्यांदा केला तो डायपरसाठी नव्हे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरिया गावी शेतीखात्याची प्रयोगशाळा आहे. पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनवण्याची युक्ती दुसऱ्या महायुद्धात जिथे साधली, तीच. तिथे १९७०च्या आसपास मक्याच्या स्टार्चला रासायनिक शेपट्या जोडून अफाट पाणी पिणारा पदार्थ केला गेला. डोळ्यासमोर माती आणि बियाणं होतं. जपानी कंपन्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कृत्रिम दाणे डायपरात भरले आणि जाडजूड डायपर पातळ झाले. आपल्याकडे कोरडवाहू शेतीसाठी हायड्रोजेल विकतात ते याच कुळातलं. म्हणजे गोष्ट फिरून पुन्हा शेतात आली.

आता पैशाशी संबंध येतो तो मिठाचा. एक ग्रॅम दाणे शुद्ध पाण्यात टाकले तर काहीशे ग्रॅम पाणी पितात. पण लघवी खारट असते. बाहेरच्या पाण्यातच आयनांची गर्दी असली की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि ओढ मंदावते. मिठाच्या पाण्यात तोच एक ग्रॅम साधारण तीस ते पन्नास ग्रॅमवर थांबतो. वर माणसाचं वजन आलं की आणखी कमी. म्हणून नळाचं पाणी ओतून ‘बघा, किती पितो’ असं कुणी दाखवलं तर विश्वास ठेवू नये. काही पाकिटांवर शोषणक्षमतेचा मोठा आकडा असतो. प्रयोगशाळेच्या प्रमाणित पद्धतीत सबंध डायपर खाऱ्या पाण्यात बुडवतात, निथळतात आणि वजन करतात. अंगावरचा डायपर असा बुडत नाही. एका जागी ओला होतो, कडा कोरड्या असतानाच मांडीतून गळतो. त्या आकड्याच्या निम्मं हाती लागलं तरी खूप.

घरी खरी परीक्षा घेता येते. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ (दीड चहाचा चमचा, सपाट) घालायचं. वेगवेगळ्या प्रकारांचे एकेक नग आणायचे. सुटे देणारा केमिस्ट गाठावा, मोठं पाकीट आधी घेऊ नये. डायपर उलगडून ताटात ठेवायचा, जिथे लघवी पडेल तिथेच २०० मिली ओतायचं, दहा मिनिटं थांबून पुन्हा २००, पुन्हा थांबून २००. मग वर पेपर नॅपकिनची घडी आणि घडीवर दोन किलोची गव्हाची पिशवी. पाच मिनिटांनी घडी तोलायची. तिचं वजन जितकं वाढलं, तितकी ओल कातडीला लागणार. आमच्या परीक्षेत चौघांपैकी सगळ्यात महाग डायपर दुसरा आला आणि सगळ्यात स्वस्त तिसरा. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, ‘मॅडम, असं आजवर कुणी केलं नाही.’

पण परीक्षा डायपरची झाली. खरा प्रश्न अण्णांचा होता. त्यांना नेमकं लागतं किती?

लघवीची घनता पाण्याहून जेमतेम जास्त, त्यामुळे एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरून चालतं. कोरडा डायपर एकदा तोलून आकडा लिहून ठेवायचा, मग प्रत्येक वापरलेला तोलून त्यातून तो वजा करायचा. तीन दिवस वहीत वेळ आणि वजन. निरोगी माणसाची दिवसभराची लघवी ८०० मिली ते दोन लिटर असते. अण्णांची दीड लिटर होती, त्यातली नऊशेच्या वर रात्री. दिवसा मात्र दर दोन-अडीच तासांनी आम्ही जे डायपर बदलत होतो त्यांत शंभर-दीडशे ग्रॅमच असायचं. म्हणजे दिवसा महागडे डायपर अर्धे कोरडे फेकत होतो आणि रात्री जिथे गरज होती तिथे स्वस्त बांधत होतो. अगदी उलटं.

वही डॉक्टरांना दाखवली. वय वाढलं की रात्री लघवी कमी करणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडते, पायावर उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर मूत्रपिंडाकडे येतं, हे त्यांनी समजावलं. मग औषधांची यादी बघितली. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी एक होती आणि ती आम्ही संध्याकाळी देत होतो. त्यांनी ती सकाळवर नेली. (हे डॉक्टरांनीच करायचं, आपल्या मनाने नव्हे.) आठवड्याभरात रात्रीचा आकडा सहाशेवर आला. डायपर न बदलता डायपरची गरज कमी झाली.

मग हिशेबाचं एकक बदललं. नगाची किंमत सोडून कोरड्या तासाची किंमत काढायची. समजा ३० रुपयांचा डायपर रात्री तीन तास टिकतो, तर तास दहा रुपयांना पडतो. ४५ रुपयांचा सात तास टिकला तर साडेसहाच्या आत. रात्री महागच स्वस्त. पण सकाळी चहानंतर शौचाची वेळ असते. तेव्हा डायपर एक तासाचा असो की दहा तासांचा, लगेच काढावाच लागतो. त्या वेळी भारी डायपर म्हणजे पैशाची नासाडी. आता रात्री एक चांगला, दिवसा दोन साधे, मधल्या वेळात कापड. दिवसाला १०५ रुपये, साबण धरून महिना साडेतीन हजारांच्या आसपास.

कापडाबद्दल जरा सविस्तर, कारण त्याची एक तर उगाच आरती होते किंवा उगाच हेटाळणी. जुन्या सुती साडीची घडी पाणी धरते ते धाग्यांच्या फटींमध्ये, दिव्याची वात तेल ओढते त्याच तत्त्वाने. वर वजन आलं की फटी दबतात आणि पाणी परत येतं. म्हणून कापड ओलं झाल्या झाल्या बदलायला माणूस हवं. दिवसा बाई असतात, तेव्हा चालतं, रात्री नाही. नवं कापड आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवावं, कापसावरचा मेणचट थर गेला की ते जास्त पितं. कपडे मऊ करणारं ते सुवासिक द्रावण अजिबात नको, ते धाग्यांवर पुन्हा थर चढवतं. आणि आषाढ-श्रावणात कापडाची सगळी गणितं कोलमडतात. तेव्हा आम्ही डायपरचे पैसे आधीच बाजूला ठेवतो.

काटकसरीच्या काही युक्त्या मात्र महागात पडतात. ओला डायपर उन्हात वाळवून परत वापरणारी घरं मी पाहिली आहेत. पाणी उडतं, मीठ आतच राहतं. दुसऱ्यांदा तो पहिल्याइतका पिऊच शकत नाही, शिवाय आत जंतू वाढलेले. एकावर एक दोन डायपर बांधणंही व्यर्थ, आतल्याचं प्लास्टिक बाहेरच्यापर्यंत काही पोचूच देत नाही. जोडीला घालायचा तर मागे प्लास्टिक नसलेला पॅड मिळतो. मापाहून मोठा डायपर जास्त धरेल हाही भ्रम. मांडीशी फट राहिली की तिथूनच गळणार. कंबर आणि पुठ्ठा, दोन्ही टेपने मोजून जे मोठं येईल त्या मापाचा घ्यावा. पुरुषांच्या बाबतीत इंद्रियाचं तोंड खाली करून डायपर बांधला की वरून गळणं थांबतं. हे आम्हाला बाईंनी शिकवलं, कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.

पाणी कमी द्या म्हणजे लघवी कमी होईल, असा सल्ला शेजारपाजारी हमखास देतात. पाणी तोडलं की लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि गच्च भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाबून गळती वाढवतं.

खर्चाचा सगळ्यात मोठा खड्डा डायपरमध्ये नसून कातडीत आहे. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लतेचं माप, आकडा वाढला की आम्लता कमी) साधारण पाच. लघवीतल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात आणि पीएच वर सरकतो. विष्ठेतली पाचकद्रव्यं अशा अल्कधर्मी ओलीत जास्त जोमाने काम करतात आणि कातडीच पचवू लागतात. म्हणून लघवी आणि शौच एकत्र असेल तर एक मिनिट दवडू नये, मग डायपर अर्धा कोरडा का असेना. अंगाचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो, तेव्हा दर वेळी साबण नको. कोमट पाणी, मऊ कापडाने टिपणं, आणि झिंक ऑक्साइडचं किंवा साध्या पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट. पातळच. थापून लावलं की ते वरच्या आवरणाची भोकं बुजवतं आणि चांगला डायपर गळायला लागतो. एक शय्याव्रण (अंथरुणावर पडून पडून होणारी जखम) झाला की त्याच्या ड्रेसिंगमध्ये वर्षभराची बचत जाते.

दोन सरकारी गोष्टी माहीत असाव्यात. जनऔषधी केंद्रांसाठी ‘स्वाभिमान’ नावाचे प्रौढांचे डायपर काढलेले आहेत. केंद्रात फोन करून साठा विचारून जावं. आणि महाराष्ट्राची २०२४मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या, वार्षिक दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देते. तिच्या यादीत कमोड खुर्ची आहे. डायपरच्या लेखात खुर्ची कुठून आली? तर अण्णा आता दुपारी दर दोन तासांनी खुर्चीवर बसतात. लागली असो वा नसो, बसायचं. पहिले पंधरा दिवस चिडले, ‘मी काय शाळेत आहे?’ आता घड्याळ तेच बघतात, आणि दुपारचा डायपर बहुतेक दिवशी कोराच निघतो.

ज्यांच्या घरी गळती नव्याने सुरू झाली असेल त्यांनी मात्र केमिस्टच्या आधी डॉक्टरकडे जावं. मूत्रमार्गाचा संसर्ग, वाढलेली साखर, प्रोस्टेट, एखादी गोळी, यांतलं काहीही कारण असू शकतं आणि बरंचसं बरं होतं. सतत थेंब थेंब येत असेल तर मूत्राशय रिकामंच होत नसण्याची, तुडुंब भरून ओसंडण्याची शक्यता असते. तिथे डायपर फक्त आजार झाकतो.

राहिला वापरलेला डायपर. तो संडासात टाकायचा नाही, फुगून नळ तुंबवतो. जाळायचा नाही, आत प्लास्टिक आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची पद्धत आणली: कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, वेगळं द्यायचं, म्हणजे कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला न उघडताच कळतं. आमच्याकडे ठिपका अण्णा काढतात. उजवा हात चांगला आहे त्यांचा. आधी काट्यावरचा आकडा वाचतात, बाई वहीत लिहितात, मग कालच्या वर्तमानपत्रावर लाल स्केचपेनाचा एक गरगरीत गोल.