जबड्यातली तरफ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत अजून अडकित्ता निघतो. सुपारी टोकाशी न धरता बिजागरीकडे सरकवायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तोंडातली कडक चकलीही आपण दाढांकडेच ढकलतो. जबडा ही तरफच. कानापुढचा सांधा तिचा टेकू, आणि त्याच्या जितकं जवळ चावाल तितका दाब जास्त.

हाडं-स्नायूंचा असा हिशोब पहिल्यांदा सविस्तर मांडला इटलीच्या जिओव्हानी बोरेल्लीनं. त्याचा ग्रंथ तो गेल्यावर, 1680-81 मध्ये छापला गेला. स्नायू सांध्याला अगदी खेटून जोडलेले असतात, म्हणून हातात पाच किलोची पिशवी तोलताना दंडाच्या स्नायूला तिच्या कित्येक पट ओढ लावावी लागते, हे त्यातून कळलं. शरीर ताकद खर्चून वेग विकत घेतं.

पुढे कॅमेरा आला. 1878 मध्ये छायाचित्रकार मायब्रिजनं धावता घोडा टिपला, 1882 मध्ये फ्रान्सच्या मारेनं बंदुकीसारखा कॅमेरा बनवला. चाल मोजता येऊ लागली. ग्वाल्हेरचा संबंध शरीराच्या हालचालींच्या याच शास्त्राशी, म्हणजे बायोमेकॅनिक्सशी: सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीला, 1957 मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं इथे शारीरिक शिक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय निघालं. त्यामुळे गावात बायोमेकॅनिक्स म्हटलं की धावणं-उड्याच आठवतात. दात कुणाला आठवत नाहीत.

खरं तर गंमत तिथेच आहे. हाड पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं, असं जर्मनीच्या यूलियस वोल्फनं 1892 मध्ये मांडलं. दातही हाडात ठोकलेला खिळा नव्हे. मुळाभोवती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा तंतूंचा पडदा असतो. दात सरळ करायच्या तारेनं दाबलं की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. दंतवैद्य सँडस्टेटनं 1904 मध्ये कुत्र्यांवर हे दाखवलं. 1932 मध्ये दंतवैद्य श्वार्झनं मापही सांगितलं: मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम, म्हणजे फुंकरीएवढंच. ‘तार जरा जास्त आवळा, लवकर होईल’ म्हणणाऱ्या आयांनी हे ऐकावं. जोर वाढला की पडद्यातल्या रक्तवाहिन्या चेपतात आणि दात अडून बसतो.

इम्प्लांटला, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेल्या स्क्रूला, हा पडदाच नसतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्कनं सशाच्या पायात बसवलेली टायटॅनियमची कुपी काढायला गेल्यावर निघेना, हाड तिला चिकटलं होतं. 1965 मध्ये त्यानं पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. चाळीसेक वर्षांनी तो रुग्ण वारला तेव्हाही ते जागच्या जागी होते.