कमी तेल, कमी साखर: पण कशापेक्षा?

२०२५च्या जानेवारीत डेहराडूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन झालं. त्या वेळच्या भाषणात पंतप्रधानांनी देशाला सांगितलं की स्वयंपाकातलं तेल १० टक्क्यांनी कमी करा. फेब्रुवारीत आकाशवाणीवरच्या त्यांच्या मासिक कार्यक्रमात तेच आवाहन पुन्हा झालं. तेव्हापासून ‘कमी तेल, कमी साखर’ हे शब्द शाळेच्या भिंतीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे दिसू लागले. सल्ला जुनाच आहे, पण त्यामागचं कारण दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलत आलं आहे. ‘कमी’ म्हणजे नेमकं किती, हे मात्र दर वेळी वाचणाऱ्यावर सोडलेलं असतं.

फार मागे जायची गरज नाही. तेल हा शब्दच तिळावरून आला. आपल्याकडे तीळ, करडई, जवस, कारळं आणि नंतर भुईमूग ही घाण्यावर जाणारी पिकं होती. किनाऱ्याला खोबरं. जे शिवारात पिकेल ते घाण्यावर जायचं, म्हणून तेल जपूनच वापरलं जायचं. उकडीचे मोदक, शेंगोळी, घावन, भाकरी, ताकातली उकड हे सगळं कुणा आहारतज्ज्ञाने बसवलेलं नाही. तळण सणालाच. आजी फोडणीच्या लोखंडी पळीत तेल घ्यायची, ती पळीच जेमतेम दोन चमच्यांची होती.

यात मोठा बदल डब्याने केला. १९३०च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि खजुराच्या झाडाचा तो पिवळा डबा इतका घरोघरी पोहोचला, की कुठल्याही कंपनीच्या वनस्पतीला आजही लोक डालडाच म्हणतात. त्यावर बंदी घाला, निदान त्याला रंग तरी द्या म्हणजे साजूक तुपात मिसळता येणार नाही, अशी मागणी स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं चालली. मनासारखा रंग काही सापडला नाही. शेवटी तोडगा निघाला तो तिळाचा. वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल सक्तीचं झालं, कारण ते आम्लाच्या एका साध्या चाचणीत गुलाबी-लाल होतं आणि तुपातली भेसळ लगेच उघडी पडते. हा सगळा वाद भेसळीचा होता. हृदयाचं नाव त्यात बरंच नंतर आलं. वनस्पतीतल्या आणि बेकरीतल्या खारी-बटरमधल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल थिजवताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीवर, मर्यादा आली, ती घट्ट होत २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आणली गेली. तोवर दोन पिढ्यांनी त्या खारीबरोबर चहा पिऊन झाला होता.

साखरेचं आणखी वेगळं. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं आणि पुढे साखर हे महाराष्ट्रात पीक, पतपेढी, कॉलेज आणि निवडणूक असं सगळंच होऊन बसलं. ज्या राज्यात उसाच्या दरावरून रस्ते अडतात, तिथे ‘साखर कमी खा’ असं व्यासपीठावरून बोलणं सोपं नव्हतं. त्यामुळे तो सल्ला दवाखान्यातच राहिला, ‘शुगर’ निघालेल्या माणसापुरता. शिवाय घरात साखर मोजूनच यायची. रेशनकार्डावर माणशी ठरलेली आणि दिवाळीला थोडी वाढीव. त्या वाढीव साखरेसाठी लागलेली रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लाडू पाकातले करायचे की पिठीसाखरेचे हा निर्णय कसा व्हायचा ते ठाऊक आहे.

१९७२चा दुष्काळ, मग महागाई. तेल आणि साखरेसाठी मुंबईत बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. त्या काळात कमी तेलात स्वयंपाक करणं ही काटकसर होती आणि ती थोडी लपवायचीही गोष्ट होती. पाहुणे आले की भाजीवर तवंग दिसलाच पाहिजे. पुढे रेशनवर परदेशी पामतेल आलं. थंडीत ते बाटलीत थिजायचं. आमच्याकडे ती बाटली सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करून ठेवायचे आणि मग तेल ओघळायला लागलं की पोह्यांना फोडणी. जे तेल ओतण्याआधी दहा मिनिटं थांबायला लावतं, ते कुणी भसाभस वापरत नाही.

मग दोन गोष्टी झाल्या. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि तेलाचा तुटवडा संपला. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसं दगावली, त्यानंतर सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले आणि पिशवीबंद तेलाचं राज्य सुरू झालं. अर्थात वाण्याकडचा पत्र्याचा डबा आणि मापं लगेच गेली नाहीत. पण बाटली घेऊन पावशेर तेल आणायला पोरगं पाठवणारं घर आता एकदम पाच लिटरचा कॅन आणू लागलं. किती तेल संपतं याचा जो हिशेब आपोआप व्हायचा, तो तिथे तुटला. माझ्या मते पुढच्या सगळ्या मोहिमांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे, पण तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दरम्यान मध्यमवर्गाला कोलेस्टेरॉल हा शब्द मिळाला होता. सोलापूर-मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जाणारं करडईचं तेल मुंबईच्या एका कंपनीने हृदयाशी जोडलं आणि ते शहरात भाव खाऊ लागलं. तेलाच्या पिशव्यांवर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ छापून आलं. वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतंच म्हणण्याइतकं कमी असतं, तेव्हा हे म्हणजे पाण्याच्या बाटलीवर ‘साखर-मुक्त’ लिहिण्यासारखं. पण ते वाचून हात सैल सुटले. त्याच सुमारास औरंगाबादच्या कारखान्यातून आलेले तवे घरोघरी पसरले आणि त्यांचं ‘निर्लेप’ हे नावच मराठीत त्या जातीच्या प्रत्येक भांड्याचं नाव झालं. ज्या तव्याची सगळी करामत त्यावरच्या लेपात आहे, त्याला आपण निर्लेप म्हणतो! धिरडं मात्र खरंच थेंबभर तेलात सुटायला लागलं.

२०१८च्या आसपास महाराष्ट्रात जेवणाच्या वेळांवरून दोन तट पडले. एक म्हणे दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण आटपा. दुसरा म्हणे दर दोन तासांनी थोडं थोडं खा. सभागृहं भरायची, घरांत भांडणं व्हायची. या गदारोळात तुपाला पुन्हा मानाचं पान मिळालं आणि लाकडी घाण्याचं तेल दुप्पट-तिप्पट भावाने परत आलं. चव चांगली असते, नाकारत नाही. पण घाणा लाकडी असो की लोखंडी, एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी. गुळाचंही तेच. १०० ग्रॅम साखरेत ४००च्या आसपास कॅलरी, गुळात त्याहून थोड्या कमी. ‘बिनसाखरेचा’ म्हणून गूळ घातलेला कणकेचा केक विकला जातो, तेव्हा भाषा खोटी नसते पण ग्राहक फसतो. नियमाप्रमाणे ‘शुगर-फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये शर्करा अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही आणि ‘कमी साखर’ म्हणायला ५ ग्रॅमची मर्यादा आहे. खजुराचा लाडू या दोन्हींत बसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. १० टक्के कमी, म्हणजे कशापेक्षा?

इथे चार जण चार मापांत बोलतात. सरकार किलोत बोलतं, पिशवी लिटरमध्ये येते, डॉक्टर चमच्यात सांगतात आणि पाककृतीत लिहिलेलं असतं ‘दोन पळ्या’. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, एक किलो नव्हे, इथूनच गोंधळ सुरू होतो. २०२४च्या एका सरकारी अहवालात देशातला खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो दिला आहे. म्हणजे दिवसाला माणशी ५४ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्या बाईने दिवसाला २० ग्रॅम आणि पुरुषाने २५ ग्रॅम वरचं तेल-तूप खावं, असं हैदराबादच्या पोषणसंशोधन संस्थेच्या जुन्या तक्त्यात होतं. दोन आकडे शेजारी ठेवले की धक्का बसतो आणि बातमी तयार होते.

पण तो ५४चा आकडा घ्या आणि तुमच्या घरात ताडून पाहा. चौघांच्या घराला महिन्याला साडेसहा किलो, म्हणजे सात लिटरहून जास्त तेल. रोजची भाजी-आमटी-पोळी करणाऱ्या किती घरांत, दिवाळीचा महिना सोडून, सात लिटर तेल संपतं? माझ्या ओळखीत तीन-चार लिटरच्या पुढे कुणी जात नाही. उरलेलं कुठे गेलं? तो आकडा काढताना देशातलं सगळं तेल माणसांच्या संख्येने भागलेलं असतं. त्यात हॉटेलची कढई आली, फरसाणचा कारखाना आला, बिस्किटं, वेफर्स, वडापावच्या गाड्या आल्या आणि तळून तळून काळं झाल्यावर टाकून दिलेलं तेलही आलं. साखरेचंही तसंच. दरडोई वर्षाला २० किलोच्या आसपास आकडा येतो, पण त्यातला मोठा वाटा शीतपेयं, मिठाई, बिस्किटं यांच्यात जातो. घरच्या चहातली साखर हा त्याचा एक भाग.

म्हणजे तीन लिटरवाल्या घराने १० टक्के कमी केले, तर ३०० मिलिलिटर वाचलं. चौघांत वाटलं तर दिवसाला माणशी अर्धा चमचा. करू नये असं नाही, जरूर करावं. पण आवाहनाचा रोख स्वयंपाकघरातल्या बाईच्या पळीवर आणि आकडा मात्र सगळ्या बाजाराचा, हे गणित मला पटत नाही. त्यातही २०२४च्या सप्टेंबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क सगळे कर धरून २७.५ टक्क्यांवर नेलं होतं. कमी तेल खा हे सांगून चार महिने होतात न होतात तोच, मे २०२५च्या अखेरीस, ते १६.५ टक्क्यांवर आणलं, तेल स्वस्त व्हावं म्हणून. दोन्ही निर्णयांना आपापली कारणं आहेत. एका पिशवीवर मात्र ती दोन्ही मावत नाहीत.

शिवाय पदार्थाचं स्वतःचं म्हणणं असतं. चकलीत मोहन कमी घाला, ती दगड होते. जास्त घाला, कढईत सुटते आणि सुटलेली चकली दुप्पट तेल पिते. तेल नीट तापायच्या आत सोडली तरी पिते. तेव्हा कमी तेलाची चकली ही मोहन कापून होत नाही, आच सांभाळून होते. नानकटाईचं याहून अवघड. तूप आणि पिठीसाखर फेसताना त्यात जी हवा शिरते, त्यावर तिचा खुसखुशीतपणा. साखर निम्मी केली की ती पसरत नाही, वर भेगा पडत नाहीत, रंग पांढुरका राहतो. तूप निम्मं केलं तर गोळाच वळत नाही, दूध घालून वळावा तर भट्टीतून बिस्किट नाही, पोळीचा वाळका तुकडा बाहेर येतो. केकमधली साखर ओल धरून ठेवते, म्हणून साखर कमी केलेला केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. सफरचंदाचा गर किंवा पिकलं केळं घालणं हा त्यावरचा उपाय टाळेबंदीच्या वर्षात घरोघरी करून झाला. केकमध्ये तो जमतो, नानकटाईत नाही. साखरेच्या पाव हिश्शाची कपात बहुतेक पदार्थ निमूट सोसतात, त्यापुढे कुरकुर सुरू.

या सगळ्यावर कडी झाली ती २०२५च्या जुलैमध्ये. केंद्रीय आरोग्य खात्याने जूनमध्ये इतर खात्यांना एक पत्र पाठवलं होतं: कोणत्या पदार्थात किती तेल आणि साखर आहे हे सांगणारे फलक कार्यालयांत लावा. नागपूरच्या केंद्रीय रुग्णालयाचं नाव घेत बातम्या सुटल्या, की आता समोसा, जिलेबी आणि वडापाववर सिगारेटसारखा इशारा येणार. दोन दिवस महाराष्ट्रात वडापावची अस्मिता जागी झाली. पाश्चात्त्य बर्गर सोडून आमच्याच गाडीवाल्याच्या मागे का, असा सवाल झाला. मग खुलासा आला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा नाही, भारतीय पदार्थांना वेगळं काढलेलं नाही, सूचना कामाच्या ठिकाणांसाठी आहे. फलकाचा हेतू मला योग्य वाटतो. एका वड्यात किती तेल मुरलं आहे हे खाणाऱ्याला कळलं तर वाईट काय? पण ज्या कॅन्टीनमध्ये तो वडा रोज तळला जातो, त्याच्या तेलाचा हिशेब कुणी विचारला नाही.

त्या पत्रात आणखीही सूचना होत्या. कॅन्टीनमध्ये फळं-भाज्या ठेवा, गोड पेयं कमी करा, पत्रांच्या कागदावर आणि पाकिटांवर आरोग्याचे संदेश छापा, कर्मचाऱ्यांना जिना वापरायला सांगा. त्यांची बातमी झाली नाही.