भुलाबाईच्या गाण्यातला राग

भुलाबाई म्हणजे विदर्भात अन् खानदेशात पोरींचा आणि बायकांचा महिनाभर चालणारा गाण्यांचा सण. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती बसवतात, म्हणजे माहेरी आलेली पार्वती, सोबत शंकर अन् बारका गणोबा, आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून शेवट होतो. रोज संध्याकाळी पोरी घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, मग डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. बहुतेक लोक इथपर्यंतच सांगतात आणि गोड सण म्हणून मोकळे होतात.

गाणी नीट ऐकली तर सासरचं एक माणूस सुटत नाही. सुनेला माहेरी जायचंय, तर सासू म्हणते आधी कारल्याचा वेल लाव, मग त्याला कारली येऊ दे, मग भाजी कर, अन् ही यादी काही संपत नाही. दीर, जाऊ, नणंद, नवरा, सगळ्यांचा नंबर लागतो. आणि हे सगळं भर अंगणात, खरी सासू ओसरीवर बसून ऐकत असते, कधी टाळीही देते, कारण तिनंही तिच्या सासूसमोर हेच म्हटलेलं असतं. कोणाला झोंबलंच तर उत्तर तयार असतं, गाणं आहे माय, जुनं आहे. हीच सोय आहे आणि हीच अडचण पण, कारण कोणाला जाब द्यावा लागत नाही.

पुरुषांना एवढं लपवावं लागत नाही. पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे मोठ्यानं म्हणायची टोमणेवजा गाणी होतात, त्यात सरकार, महागाई, गावचे पुढारी, सगळ्यांची उघड उघड काढतात. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे बाईचा पुतळा, इडापीडा घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेऊन जाळायची. नागपूरची काळी मारबत तर तिथल्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, इंग्रजांना सामील झाली म्हणून. गावाचा राग काढायला मुख्य पुतळा बाईचा लागतो, बघा.

देवाचं निमित्त न घेता बायका रस्त्यावर आल्या त्या दारूबंदीसाठी. गडचिरोलीत 1993 ला बंदी झाली. चंद्रपूरसाठी डिसेंबर 2010 मध्ये बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या, बंदी यायला एप्रिल 2015 उजाडला आणि 2021 मध्ये ती उठली पण. अशा मोर्चात, बचत गटाच्या मेळाव्यात चाल ओळखीची असते, शब्द नवे, सासूच्या जागी दारूवाला येतो. जानेवारी 2019 ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन एका शेतकरी विधवेनं केलं, ती शेतकरी विधवांच्याच नाटकात काम करणारी होती. तिथं गाण्याचा आडपडदा नव्हता, ती सरळ बोलली.

आता भुलाबाईच्या स्पर्धा होतात, स्टेज, माईक, एकसारख्या साड्या, परीक्षक वगैरे. तिथं पाणी वाचवा, बेटी वाचवा चालतं. नवऱ्याला नावं ठेवणारं गाणं बसवायचं म्हटलं की मॅडमच म्हणतात, ते नको, पाहुणे येणार आहेत.